बासष्ट किलो

“शाकीरभाई, तुमचं वजन किती हो?” कॉम्प्युटरवरची नजर न काढता सत्यजीतनं विचारलं, आणि शाकीरच्या तोंडून “बासष्ट” असं निघूनही गेलं. प्रश्न तसा साधा होता. रांजणगावच्या त्या कारखान्यातल्या काचेच्या केबिनमध्ये रोज याहून अवघड प्रश्न विचारले जात आणि डिस्पॅच सांभाळणारा शाकीर त्यांची उत्तरं कागद बघून, चष्मा पुसून, सावकाश देत असे. या एका उत्तराला मात्र त्यानं कागद बघितला नाही की स्वतःच्या पोटाकडंही बघितलं नाही. सत्यजीतनं आकडा टाइप केला, “वा, चांगलं ठेवलंय की अंग,” म्हणाला आणि हसला. शाकीर जागच्या जागी गारठला. कारण त्याच्या पायाखालची फरशी दबली. अगदी केसाएवढी दबली आणि परत वर आली. केबिनची फरशी दबत नसते हे त्याला कळत होतं. खाली सिमेंटचा स्लॅब होता आणि स्लॅबखाली जमीन. पण तळव्यांना जे कळलं ते कळलं. सात वर्षांत असं झालं नव्हतं, आणि आता ते कायमचं गेलं असं तो धरून चालला होता.

हे सगळं विमानापायी. सत्यजीत म्हणजे मांडवगण फराट्याच्या सर्जेराव आबांचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेत शिकायला गेला तेव्हा विमान चालवायलाही शिकून आला, आणि इथं मोटारींचे सुटे भाग करायचा कारखाना नीट चालायला लागल्यावर ते खूळ पुन्हा उसळलं. त्याच्या वयाचे लोक मोटारी बदलत होते, हा वर बघत होता. छोटं विमान घ्यायचं, एका इंजिनाचं, पण त्या जातीतलं सगळ्यात वरचं. तीन विमानं त्यानं निवडली, त्यांची गुळगुळीत माहितीपुस्तकं शाकीरच्या टेबलावर टाकली आणि म्हणाला, तुम्ही आकड्यातले माणूस, तिन्हींचा एक तक्ता करा, माझी मती रंग बघूनच गुंग होते. शाकीरनं पंधरा दिवस डोकं घातलं. इंग्रजी नावं त्याच्या जिभेवर बसेनात म्हणून त्यानं आपली नावं ठेवली आणि तीच ऑफिसात रूढ झाली. एक छत्रीवालं: इंजिन बंद पडलं तर छतातला दांडा ओढायचा, की अख्खं विमान मोठ्या छत्रीला लटकून खाली येतं. दुसरं नळीवालं: तिघांत वेगवान, पण इतकं वर जातं की नाकात ऑक्सिजनची नळी घालून बसावं लागतं. तिसरं पाय मिटणारं: जुन्या घराण्यातलं, सहा खुर्च्यांचं, उडाल्यावर चाकं पोटात घेणारं; मालक कधी कधी उतरताना ती बाहेर काढायला विसरतात, असं एका मासिकात सहज लिहिलं होतं. तिघांतही पिस्टन ट्रॅक्टरला असतात तसेच, आणि इंजिन एकच. ते बंद पडलं तर, असं शाकीरनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. सत्यजीत शांतपणे म्हणाला, तरंगत येतं, जितकं उंच असेल त्याच्या नऊपट लांब जाता येतं. नऊपट लांब जाऊन तिथं काय असेल, हे शाकीरनं विचारलं नाही.

पुस्तकांत वेग होता, उंची होती, खुर्च्यांचं कातडं होतं. पण साखर कारखान्याच्या काट्यावर नऊ हंगाम काढलेल्या माणसाला कुठलीही गाडी दाखवा, त्याला तीनच गोष्टी दिसतात: भरलेली किती, रिकामी किती, निव्वळ किती. शाकीरनं तक्त्यात आपला एक रकाना वाढवला. विमान जास्तीत जास्त किती वजन घेऊन उडू शकतं त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा, त्यातून भरलेल्या टाकीचं तेल वजा, मग माणसांना उरतं किती. छत्रीवाल्यात दोनशे सत्तर किलो. नळीवाल्यात दोनशे तेरा. पाय मिटणाऱ्यात दोनशे पंच्याहत्तर. म्हणजे चार खुर्च्यांच्या विमानात साडेतीन माणसं, सहा खुर्च्यांच्याही विमानात साडेतीनच, आणि सगळ्यात पळणाऱ्यात तीनसुद्धा धड नाहीत. सत्यजीतला तो रकाना इतका आवडला की त्यानं तो तिघाचौघांना बोलावून दाखवला. त्या रकान्यावरूनच, पाच किलोंपेक्षा छत्री बरी म्हणून, छत्रीवाल्याचं ठरत आलं. येत्या रविवारी विकणाऱ्या कंपनीचा कॅप्टन ते विमान घेऊन दौंडपलीकडच्या माळावरच्या एका खाजगी धावपट्टीवर येणार होता. फेरी मारायला कॅप्टन, सत्यजीत, सत्यजीतची आई सोजराबाई, आणि चौथा शाकीर. तक्ता तुम्ही केलात तर बसायलाही तुम्हीच, असं सत्यजीत म्हणाला. आबा बसणार नव्हते. माझे पाय भुईवर बरे हायेत, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. कॅप्टननं सगळ्यांची वजनं मागवली होती. त्याचं स्वतःचं पंच्याहत्तर. सत्यजीतनं आपलं ब्याऐंशी लिहिलं. सोजराबाईंनी फोनवर “पन्नास धर” म्हणून विषय मिटवला. आणि शाकीर बासष्ट. “दोनशे एकोणसत्तर,” सत्यजीत टेबलावर थाप मारून म्हणाला. “एक किलो शिल्लक. बसतंय बघा बरोबर.”

तो प्रश्न त्याला पूर्वीही एकदा विचारला गेला होता, आणि विचारणारा याच घरातला होता. एक्याण्णव साल, हंगामाचा पहिला आठवडा. नदीकाठचा एक साखर कारखाना. कोणता ते सांगण्यात आता अर्थ नाही. सर्जेराव आबा तिथं संचालक होते आणि बावीस वर्षांच्या शाकीरला त्यांनीच पावत्या लिहायला चिकटवला होता. इमामचाचांचा मुलगा, वडिलांचं अत्तराचं दुकान चालेना, पोरगा अक्षरानं चांगला, म्हणून. पहाटे आबा काट्यावर आले, शेकोटीला हात धरले, आणि म्हणाले, “तुझं वजन किती रं?” शाकीरला वाटलं, तब्येतीची चौकशी करतायत. बासष्ट, असं तो हसून म्हणाला. “ब्येस हाय,” आबा म्हणाले. “उद्यापास्नं काटा तू झाडायचा.” दुसऱ्या दिवशी काट्याचा कारकून ज्योतिबा यानं त्याच्या हातात खराटा दिला. पहिली गाडी यायच्या आत काट्याच्या लोखंडी पाट्यावरचं पाचट झाडायचं, एवढंच काम. झाडता झाडता ज्योतिबा आतून खिडकीवर टिचकी मारायचा. टिचकी वाजली की शाकीरनं मधोमध स्तब्ध उभं राहायचं. आत ज्योतिबा झीरोचं बटण दाबायचा. मग शाकीर खाली उतरायचा. झालं. तिथून पुढं दिवसभर काटा प्रत्येक गाडीला एक शाकीर कमी तोलायचा. काटा दहा-दहाच्या टप्प्यानं बोलत असल्यामुळं बासष्टचे साठ व्हायचे. बैलगाड्यांची रिकामी वजनं हंगामाच्या सुरुवातीला एकदाच घेऊन ठेवलेली असत, त्यामुळं उलटा ताळा कुठंच लागत नसे. रिकाम्या काट्यावर यंत्रात उणे साठ दिसायचं. ज्योतिबा त्यावर टॉवेल टाकून ठेवायचा. शाकीरला चार दिवस काही कळलं नाही. पाचव्या दिवशी टॉवेल सरकला.

कळल्यावर तो काय करणार होता? कुणी त्याला गप्प बस असंही म्हणालं नाही. काटामारी हा शब्द बाहेर सगळे बोलत, आत कुणी बोलत नसे; आत फक्त “शाकीर, काटा झाडून घे” असं म्हणत. आबा एकदाच त्या गोष्टीवर बोलले, तेही चेष्टेत. डब्यातली तिसरी भाकरी मोडताना त्यांनी त्याला बघितलं आणि म्हणाले, “बेतानं खा बाबा. तू जाडावलास तर लोकांचं जास्त जातंय.” ज्योतिबा पोट धरून हसला. शाकीरही हसला, आणि त्या दिवसापासून नऊ वर्षं त्यानं तिसरी भाकरी खाल्ली नाही. याला काय म्हणावं त्याला कधी ठरवता आलं नाही. चोरी थांबवायची ताकद नव्हती, म्हणून निदान ती वाढू नये एवढी त्यानं आपल्या जिवाला लावलेली शिस्त होती, आणि तिची त्याला लाजही वाटायची. पाट्यावर उभं राहिलं की तो केसाएवढा दबायचा, खाली उतरलं की वर यायचा. तळव्यांनी ते शिकून घेतलं ते घेतलंच. एसटीच्या पायरीवर, शिरूरच्या बँकेतल्या चकचकीत फरशीवर, जास्मिनच्या वेळी त्याची बायको रजिया बाळंत झाली त्या दवाखान्याच्या जिन्यात, कुठंही ते दबणं यायचं. कोणीतरी आत बटण दाबतंय, असं वाटायचं.

गाडीवाल्यांत एक म्हाळू होता. कोरडा, उंच, बैलांशीच जास्त बोलणारा. त्याला वाचता येत नव्हतं. शाकीर पावती द्यायचा, म्हाळू ती हातात धरून बघायचा, पुष्कळदा उलटी, मग आकडा विचारायचा, शाकीर सांगायचा आणि म्हाळू म्हणायचा, “एवढंच?” भांडत नसे. दुसरा शब्द बोलत नसे. त्यानं मोळ्या स्वतः बांधलेल्या, स्वतः रचलेल्या. त्याच्या खांद्यांना वजन माहीत होतं. तो फक्त एकदा शाकीरच्या तोंडाकडं बघायचा. इतर शिव्या द्यायचे, संचालकांच्या सात पिढ्या काढायचे, त्यानं शाकीरला काही होत नसे. म्हाळूची गाडी रांगेत दिसली की मात्र तो पावतीपुस्तकात मान घालायचा. तो शेजारच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत “व्हय, एवढंच” म्हणायचा. पुढं बैलगाड्या कमी झाल्या, ट्रॅक्टर आले, काटा नवा आला, आबा निवडणूक हरले. दोन हजार साली सत्यजीतचा कारखाना निघाला तेव्हा आबांनी स्वतः होऊन शाकीरला तिथं लावला. शिरूरात दोन खोल्या, मुलांची शाळा, सगळं त्या शब्दावर उभं राहिलं. तो इनाम होता की तोंडावर ठेवलेला हात होता, हेही शाकीरनं कधी तपासलं नाही. तो सुखानं जाडावला. तिसरी भाकरी खायला लागला, चौथीही.

आता रविवारला चार दिवस होते. चूक दुरुस्त करायला दोन शब्द पुरले असते. दादा, चुकून सांगितलं, वजन जास्त आहे. सत्यजीत विचारणार, किती? आणि बासष्ट हा आकडा मग कुठून आला? माणूस आपलं वजन दोनचार किलोंनी चुकवतो, ढीगभर चुकवत नाही. आणि ज्याच्या आकड्यावर विमानाचं ठरलं त्याचे आकडे असे असतील, तर तक्ता तरी खरा कशावरून? पोरगा हुशार होता. घरी जाऊन जेवताना सहज बोलला असता, आणि बासष्ट हा आकडा ऐकून त्या घरातला एक माणूस घास हातात धरून थांबला असता. तो थांबलेला घास शाकीरला दिसायचा. आबांनी एक फोन केला की दोन खोल्या, शाळा, केबिनमधली ती इज्जत, सगळं एका दिवसात गेलं असतं. ही एक भीती. दुसरी भीती साधी होती आणि अंगात जास्त शिरलेली होती: आपण त्या विमानात बसून पडणार. पहिलीपासून दुसरी अशी वेगळी काढता येत नव्हती. मग त्यानं एक वेडेपणा केला. अर्धी भाकरी खायला लागला. रजियानं विचारलं, पोट बिघडलंय का, डॉक्टरकडं जाऊ या का. नको म्हणाला. तिसऱ्या दिवशी ती ताटापुढं बसून म्हणाली, “तुम्ही कशाला तरी भ्यालायसा. माझ्यापाशी बोलला न्हाईत तर कुनापाशी बोलणार?” शाकीरला रडायला आलं. बोलायला तोंड उघडलं, आणि बोलला काय, तर विमानात तेल किती लिटर मावतं ते.

शनिवारी तो धावपट्टी बघून यायला म्हणून दौंडला गेला. स्टेशनवर लाल-निळे दिवे फिरणारं वजनाचं जुनं यंत्र होतं. आयुष्यात त्यानं स्वतःहून कधी अशा यंत्रावर पाय ठेवला नव्हता. आज ठेवला. पाटा दबला, दिवे फिरले, पुठ्ठ्याचं तिकीट खळकन पडलं. अठ्ठ्याहत्तर. मागं हिंदीत भविष्य छापलं होतं, आप स्वभाव से साहसी हैं. यंत्रालाही चेष्टा सुचावी, याचं त्याला हसू आलं आणि त्यानं तिकीट खिशात ठेवलं. तिथून रिक्षानं रेल्वेलाइन ओलांडून माळावर गेला. धावपट्टी त्याच्या कल्पनेपेक्षा आखूड होती. एका टोकाला राखणदार मारुतरावांची खोली आणि शेजारी कुणाची तरी कांद्याची चाळ. दुसऱ्या टोकाला बाभळी आणि बाभळींच्या वर विजेच्या मोठ्या तारा. मे महिन्याचं ऊन पट्टीवर असं उकळत होतं की तारा हलल्यागत दिसत होत्या. माहितीपुस्तकात वाचलेलं त्याला आठवलं: उन्हानं हवा पातळ होते, पातळ हवेला भार सोसत नाही, विमान जास्त लांब पळतं आणि उशिरा उठतं. तो त्या टोकापासून ह्या टोकापर्यंत पावलं मोजत चालला. बरोबर तारांखाली उभा राहिला. वर बघितलं. तारा गुणगुणत होत्या.

रविवारी दुपारी दीडच्या सुमाराला पांढरं विमान आलं, आणि ते खरोखर सुंदर होतं, हे शाकीरला भीतीतही कबूल करावं लागलं. कॅप्टननं आल्या आल्या बॅरलमधून टाकी काठोकाठ भरून घेतली. फेरी झाली की त्याला इथूनच थेट हैदराबाद गाठायचं होतं. सत्यजीत लहान मुलासारखा विमानाभोवती फिरत होता. सोजराबाई नवी जरीची साडी नेसून आल्या होत्या, हातात नारळ, हळदीकुंकू आणि पुरणपोळ्यांची जड पिशवी. वरून गावातल्या देवीवर फुलं टाकता येतील का, असं त्यांनी दोनदा विचारलं. आबा मारुतरावांच्या बाजेवर बसले होते, काठीवर हनुवटी टेकून. शाकीरनं सगळ्यांवर एकदा नजर फिरवली. नको असताना फिरली. काट्यावरच्या माणसाची नजर ती. नऊ वर्षांत चालती गाडी बघून दहा किलोंच्या आत सांगायला शिकलेली. सत्यजीत नव्वदच्या पुढं. सोजराकाकी पासष्टच्या खाली नाहीत. पिशवी सात. कॅप्टन तेवढा पंच्याहत्तर, खरा. म्हणजे कुणीच खोटं असं बोललं नव्हतं. प्रत्येकानं आपलं आवडतं वजन सांगितलं होतं, लग्नातलं, जिममधलं, तरुणपणचं. फक्त त्याचं एकट्याचं नावडतं होतं. सगळं मिळून तीनशे सतरा. सत्तेचाळीस किलो जास्त. आणि पलीकडं तारा.

कॅप्टननं कागद काढला आणि एकेक नाव वाचून खुर्च्या सांगायला लागला. शाकीरच्या नावाशी थांबला, त्याच्या पोटाकडं बघून हसला, “बासठ?” म्हणाला. सत्यजीतही हसला. शाकीरच्या पायाखाली माळ दबला, एवढा मोठा माळ, आणि परत वर येईना. पोटात कळ आलीय, मी बसत नाही, असं त्यानं सांगून बघितलं. तेवढ्यानं भागलं असतं, तो बसला नसता तर वजन आपोआप बेतात आलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. पण सत्यजीत वळून ओरडला, “आबा, मग तुम्हीच चला. रिकामी खुर्ची कशाला न्यायची?” आणि आबा, जे महिनाभर नाही म्हणत होते, ते काठी टेकून खरंच उठले. सत्त्याण्णव. शाकीरच्या डोळ्यांनी न विचारता आकडा सांगितला. तीनशे छत्तीस.

“न्हाई,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “आबा नकोत. माझं बासष्ट न्हाई दादा. अठ्ठ्याहत्तर हाय. कुनाचंच बरोबर न्हाई त्यात. तारांवर जाईल हे.”

सत्यजीतच्या कपाळाला आठी पडली. “मग बासष्ट आणलं कुठून तुम्ही?”

“ते काट्यावरचं हाय. जुनं.” शाकीरनं आबांकडं बघितलं. इतक्या वर्षांत असं सरळ कधी बघितलं नव्हतं. “आबांना म्हाईत हाय.”

आबांची काठी मातीत जरा आत गेली. सत्यजीत एकदा वडिलांकडं, एकदा शाकीरकडं बघत राहिला; त्याला समजलं नाही, किंवा समजून घ्यायला तेव्हा वेळ नव्हता, कारण कॅप्टनचं हसणं पार मावळलं होतं. इथं काटा कुठं मिळेल, असं त्यानं कडक हिंदीत विचारलं. मारुतरावांनी कांद्याच्या चाळीतला प्लॅटफॉर्म काटा उचलून आणला, बॅटरीवरचा, लाल आकड्यांचा. पाट्यावर कांद्याच्या टरफलांचा थर होता. शाकीर खाली बसला आणि हातानं टरफलं झाडायला लागला. झाडता झाडता त्याला कळलं की आपण काय करतोय, आणि मान वर न करताच कळलं की आबा बघतायत. त्यानं पाटा स्वच्छ केला, दोन पावलं मागं सरकला, सगळ्यांना मागं सरकायला सांगितलं, आणि मग झीरोचं बटण दाबलं. सत्यजीत एक्क्याण्णव. काकी सहासष्ट, त्या लाजून पदरात हसल्या, म्हणाल्या, “पन्नास ते सत्याच्या बाळंतपणातलं.” कॅप्टन पंच्याहत्तर, पिशवी सात. शाकीरनं स्टेशनवरच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या जागेवर बेरीज मांडली. दोनशे एकोणचाळीस. कॅप्टननं ती स्वतः एकदा करून बघितली, मान हलवली. चौथी खुर्ची रिकामी ठेवून दारं लागली.

विमान पट्टीच्या टोकाला जाऊन वळलं. इंजिनाचा आवाज चढला आणि ते पळत सुटलं. शाकीरनं तोंडातल्या तोंडात जे येत होतं ते म्हणायला सुरुवात केली. विमान पळत होतं, अजून पळत होतं, पुढचं चाक उचललं नव्हतं, बाभळी जवळ येत होत्या. त्याच्या मनगटाला कुणीतरी घट्ट धरलं. आबा होते. “शाकीर,” ते विमानावरची नजर न काढता म्हणाले, “काटा झाडलास, झीरो दाबलास, तवा वर कोन उभं न्हवतं न्हवं?”

“न्हाई आबा. कोन न्हवतं.”

“पाय कुनाचा टेकला आसंल. कडंला.”

“न्हाई.”

जमीन आणि चाकं यांच्यात उजेडाची एक फट पडली. ती फट वाढत गेली, विमान तारांच्या वरून गेलं, किती वरून ते खालून कळत नव्हतं, आणि मग उजवीकडं कलून भीमेच्या बाजूला लहान होत गेलं. आबांचा हात सुटला नाही. आता ते दोघं वर होते, त्यांची बायको आणि त्यांचा मुलगा, एका इंजिनावर आणि शाकीरच्या एका बेरजेवर. आणि शाकीर किती सरळ तोंडानं चुकीचं वजन लिहू शकतो हे साऱ्या पृथ्वीवर ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं, तो त्याच्या शेजारी उभा होता. शाकीरला त्याची दया आली. स्वतःची भीती अजून गेली नव्हती, ती जाणारही नव्हती, उद्या सकाळी केबिनमध्ये सत्यजीत जे विचारणार होता ते विचारणारच होता. पण पायाखालचा माळ घट्ट होता. आबांनी त्याच्या हातातलं तिकीट घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं, पुन्हा लांब धरलं. ओठ हलवत आकडे वाचले. मग त्यांनी शाकीरच्या तोंडाकडं बघितलं.

“एवढंच?” आबा म्हणाले.

समोर कॅलेंडर नव्हतं. शाकीरनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि व्हय म्हणून सांगितलं. ते पटलं की नाही हे विमान परत येईपर्यंत कळायचं नव्हतं. दोघं वर बघत उन्हात उभे राहिले.